वाचता न येणारा हुशार मुलगा आणि डॉ. ऑर्टन

1925 साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी एक फिरता दवाखाना काढला. अभ्यासात मागे पडणारी मुलं तपासणीसाठी पाठवा, असं शिक्षकांना कळवलं होतं. आलेल्यांत 16 वर्षांचा एक मुलगा होता. ऑर्टन यांच्या नोंदींत तो एम. पी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याला जवळजवळ काहीच वाचता येत नव्हतं. बुद्ध्यांक भरला 71, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने 'मंद'.

ऑर्टन यांना हा आकडा पटेना. त्यांनी मुलाला यंत्रांच्या रचनेबद्दल, डोळ्यांसमोर चित्र उभं करावं लागेल असे प्रश्न विचारले. उत्तरं झटपट आणि अचूक आली. मुलगा मंद नव्हता. त्याला मोजायची फूटपट्टीच चुकीची होती.

ऑर्टन यांचा जन्म 1879 चा, ओहायोतील कोलंबस शहरातला. वडील भूगर्भशास्त्रज्ञ आणि ओहायो राज्य विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. डॉक्टर झाल्यावर ऑर्टन यांची सुरुवातीची वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप तपासण्यात गेली. शाळेच्या पुस्तकांशी त्यांचा संबंध आला तो चाळिशी उलटल्यावर.

अशा मुलांना त्या वेळी 'जन्मजात शब्दांध' म्हणत. ऑर्टन यांना हे नाव खटकत असे, कारण मुलांना अक्षर दिसत होतं आणि मेंदूला इजाही झालेली नव्हती. ही मुलं इंग्रजीतील 'बी' आणि 'डी' यांची गल्लत करतात, 'वॉज' हा शब्द उलट्या बाजूने 'सॉ' असा वाचतात, काही जण आरशातल्यासारखं लिहितात, हे त्यांनी बारकाईने टिपलं. त्यावरून त्यांनी नाव दिलं 'स्ट्रेफोसिम्बोलिया', म्हणजे चिन्हांची उलटापालट. एवढं अवघड नाव टिकणार कसं? 'डिस्लेक्सिया' हा त्याआधीचाच शब्द पुढे रूढ झाला.

त्यांनी दिलेलं कारणही टिकलं नाही. मेंदूच्या दोन अर्धगोलांत शब्दाच्या एकमेकींविरुद्ध प्रतिमा साठतात आणि एका बाजूचं वर्चस्व पक्कं न झाल्याने गोंधळ होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आज बहुतेक संशोधक मूळ अडचण ध्वनीत पाहतात : शब्दातले सुटे आवाज ओळखणं आणि ते अक्षराशी जोडणं या मुलांना जड जातं. अक्षरं उलटी लिहिणं तर लहान वयात बऱ्याच मुलांकडून होतं. तेवढ्यावरून पालकांनी घाबरू नये.

उपाय मात्र त्यांना बरोबर सापडला. तेव्हा अमेरिकेत अख्खा शब्द चित्रासारखा पाहून पाठ करण्याची पद्धत जोरात होती. काही मुलांचं त्यामुळे नुकसान होतं, असं ऑर्टन यांनी 1929 मध्ये स्पष्ट लिहिलं. त्यांची पद्धत अशी : एकेक अक्षर घ्यायचं, त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, म्हणतानाच बोटाने ते गिरवायचं, मग आवाज जोडत शब्द बनवायचा. डोळा, कान आणि हात तिघांनाही कामाला लावायचं. (आपल्याकडच्या जुन्या धूळपाटीवर मुलं बोटानेच गिरवत, ते इथे आठवतं. अर्थात तिचा हेतू हा नव्हता.)

पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांना अ‍ॅना गिलिंगहॅम या अनुभवी शिक्षिका भेटल्या. गिलिंगहॅम आणि त्यांच्या सहकारी बेसी स्टिलमन यांनी या तत्त्वांवर शिक्षकांसाठी पायरीपायरीची हस्तपुस्तिका रचली. डॉक्टरचा विचार वर्गात पोहोचला तो या दोघींमुळे, आणि हे श्रेय बरेचदा राहून जातं. 'ऑर्टन-गिलिंगहॅम' पद्धतीने आजही शिकवलं जातं, भारतातही.

1937 मध्ये ऑर्टन यांचं मुलांच्या वाचन, लेखन आणि बोलण्यातील अडचणींवरचं पुस्तक आलं. 1948 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांनी त्यांच्या नावाने संस्था काढली. तीच आजची इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन.