स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेला माणूस

आमच्या चारकोपात कुणाच्या घरात काय चाललंय हे लपून राहत नाही. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने इथे छोटे छोटे प्लॉट पाडून दिले. मधे मोकळा चौक आणि चौकाभोवती एकमेकांना खेटून घरं. वर्गणी कुणी किती दिली, कुणाची केटी लागली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं चौकाला ठाऊक! अशा जागी वाढलेल्या मुलीला 'लोक काय म्हणतील' हा विषय वेगळा शिकावा लागत नाही.

तरीही मी तो शिकले, तो कॉलेजात, थर्ड सेमिस्टरला. आमच्या वर्गाने एका लेक्चरला मास बंक ठरवला. कारण आता आठवतही नाही, इतकं ते फालतू होतं. एक मुलगी मात्र त्या दिवशी वर्गात जाऊन बसली. एकटी. पुढचे चार महिने तिच्याशी कुणी बोललं नाही. जर्नल दिलं नाही, प्रॅक्टिकलला ग्रुपमध्ये घेतलं नाही, कॅन्टीनमध्ये ती आली की टेबल रिकामं व्हायचं. मीही उठायचे. तिचा राग आला होता म्हणून नव्हे, सगळे उठत होते म्हणून.

नंतर कळलं, त्या दिवशी लेक्चरला बसायची इच्छा आमच्यातल्या निदान आठ-दहा जणांची होती. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच तसे आहोत. मानसशास्त्रात याला 'प्लुरलिस्टिक इग्नरन्स' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे मनातून कुणालाच नको असलेली गोष्ट सगळे मिळून करतात.

असो. अंधेरीला एम-थ्रीच्या क्लासला जाताना स्टेशनबाहेर बसवर 'आगरकर चौक' अशी पाटी दिसायची. एका मित्राची पक्की समजूत होती की हा चौक अजित आगरकरचा! हसू नका, मलासुद्धा गोपाळ गणेश आगरकर म्हणजे शाळेच्या पुस्तकातले दोन परिच्छेद आणि 'थोर समाजसुधारक' एवढंच माहीत होतं. त्यातली एक ओळ मात्र डोक्यात अडकून राहिली होती. या माणसाची प्रेतयात्रा पुण्याच्या लोकांनी तो जिवंत असताना काढली होती. त्या मुलीचं प्रकरण झाल्यावर ती ओळ मला पुन्हा आठवली आणि मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचायला घेतलं.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरात गरिबी इतकी की शिक्षण म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात आसरा शोधणं. कऱ्हाड, रत्नागिरी, मग अकोला. मधेच कोर्टात कारकुनी केली. मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा अंगावर एकच सदरा असायचा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं सांगतात. आपण हॉस्टेलच्या मेसवरून कुरकुर करतो. मुलगा शिकून मोठ्या पगारावर जाईल ही आईची आशा. एम.ए. च्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहून ती आशा सोडून द्यायला सांगितलं. पोटापुरतं मिळवीन आणि बाकी वेळ लोकांसाठी घालवीन, असा त्याचा आशय होता. हे पत्र मिळाल्यावर त्या माउलीला काय वाटलं असेल? आपल्याकडे प्लेसमेंट नाकारून तसं घरी सांगून बघा.

डेक्कन कॉलेजातच टिळक भेटले. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, एम.ए. करून आगरकर त्यात आले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. 'मराठा' टिळकांकडे. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय म्हणून दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारावर ती केली होती, ती खोटी निघाली. अब्रुनुकसानीचा खटला होऊन दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १८८२ मध्ये १०१ दिवस ते मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले.

मला हा भाग सगळ्यात आवडला. दोन पंचविशीतली पोरं, एक कोठडी, तुरुंगातलं अन्न, आणि रात्रभर वाद! वाद इतका रंगायचा की पहारेकरी दटावायचे म्हणे. आगरकरांनी बाहेर आल्यावर या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते रडगाणं नाही, त्यात चक्क विनोद आहे. तुरुंगात असताना त्यांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर केलं. १८८३ मध्ये छापलं आणि नाव दिलं 'विकारविलसित', म्हणजे मनोविकारांचा खेळ.

१९९८ मध्ये जेम्स ग्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने भावना सांभाळण्याच्या दोन रीती प्रयोगात ताडून पाहिल्या. एकीत माणूस चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. मग भावना आतमध्ये तशीच राहते आणि शरीरावरचा ताण उलट वाढतो. दुसरीत तो प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघतो, तेव्हा भावनाच सौम्य होते. डोंगरीचं पुस्तक दुसऱ्या रीतीचं आहे असं मला वाटतं. तुरुंगाचा त्यांनी विषय करून टाकला.

पण म्हणून आगरकर स्थितप्रज्ञ होते असं समजू नका. ज्या मित्राबरोबर कोठडी वाटून घेतली, त्याच्याशीच पुढे इतकं बिनसलं की वाचताना वाईट वाटतं. आधी समाज सुधारायचा की आधी स्वराज्य मिळवायचं, हा मूळ वाद. बालविवाह, विधवांचं केशवपन, जातिभेद यांवर आगरकर थेट लिहीत. केसरीतल्या मंडळींना ते परवडेना. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू सुरुवातीला गोपाळ कृष्ण गोखले बघत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतही पगार, बाहेरची कामं यांवरून भांडणं झाली आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे लिहिलं गेलं, त्यात मुद्दे कमी आणि बोचकारे जास्त, अशीही वेळ आली. सारख्या मताची माणसं एकत्र बसली की त्यांची मतं अजून टोकाला जातात, असा समूहांवरच्या प्रयोगांचा निष्कर्ष आहे. पुण्यात तेव्हा दोन्ही बाजूंना हेच चाललं होतं, आणि त्यात आगरकरही आलेच.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर न्यायचं, एवढंच! त्यावरून रान पेटलं. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. 'सुधारक'मुळे तर सनातनी मंडळी आधीच खवळलेली. याच झगड्याच्या काळात ती प्रेतयात्रा निघाली. आगरकरांचा पुतळा तिरडीवर बांधून लोकांनी मिरवला.

मी या प्रसंगावर बराच वेळ थांबले. वाचताना आपण आपोआप आगरकरांच्या बाजूला उभे राहतो. पण खांदा द्यायला जे होते, ते काही राक्षस नव्हते. कुणी दुकानदार, कुणी विद्यार्थी, कुणी शेजारी. त्यातल्या कितींनी 'सुधारक' उघडून वाचला असेल? कितींना मनातून हे पटत नसेल? सगळे निघाले म्हणून कितीजण निघाले असतील? कॅन्टीनच्या टेबलावरून उठणारी मी त्या दिवशी पुण्यात असते, तर कुठे असते, याचं उत्तर मला माहीत आहे.

१९५१ मध्ये सॉलोमन अ‍ॅश यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. समोर रेषा, त्यातली ठरावीक रेषेइतकी लांब कोणती ते सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसतंय, पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं सांगतात. अशा वेळी साधारण एकतृतीयांश उत्तरं गटाप्रमाणे चुकीची आली, आणि चारांतल्या तिघांनी एकदा तरी मान तुकवली. पण खोलीत खरं सांगणारा एकच सोबती ठेवला की हे प्रमाण झपाट्याने खाली येतं. फक्त एक!

आगरकर तो एक झाले, धोंडो केशव कर्व्यांसाठी. कर्वे १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९२ मध्ये आगरकर तिथे प्राचार्य झाले. १८९३ मध्ये विधुर कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार टाकला. आगरकर मात्र पाठीशी उभे होते. गावाने वाळीत टाकलेल्या माणसाच्या कॉलेजचा प्रमुख त्याच्या बाजूचा असणं, हा हिशेब गणिताच्या प्राध्यापकालाही वेगळा मांडावा लागला नसेल.

आणि आठवड्यामागून आठवडा तेच लिहीत राहणं? १९६९ मध्ये मॉस्कोविची यांनी अ‍ॅशचा प्रयोग उलटा केला. सहा जणांत दोघांनी निळ्या रंगाला सतत हिरवा म्हणायचं. दोघे ठाम राहिले तेव्हा इतरांची सुमारे ८.४ टक्के उत्तरं 'हिरवा' अशी आली. दोघे मधेच डळमळले की प्रमाण सव्वा टक्क्यावर. म्हणजे थोड्या लोकांचं बळ न डळमळण्यात असतं. आठ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण आगरकरांच्या वाट्याला तेवढे तरी होते का, कोण जाणे.

दम्याने त्यांना कॉलेजपासूनच पोखरलं होतं. प्राचार्यपद, संपादकी, रात्रीचं लेखन, आणि श्वास पुरत नाही. १७ जून १८९५ ला ते गेले, ३९ वर्षंही पुरी झाली नव्हती. योगायोग असा की त्याच साली पॅरिसमध्ये गुस्ताव ल बॉं यांचं गर्दीच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक निघालं. गर्दीचा अभ्यास तिकडे सुरू होत होता, आणि तिचा सगळा अनुभव घेतलेला माणूस इकडे संपला होता. अंत्यसंस्काराला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. केसरीत मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

ती मुलगी आता दुसऱ्या डिव्हिजनला आहे. मागच्या महिन्यात बोरिवलीच्या गाडीत भेटली. मी बोलायला सुरुवात केली, तिने इयरफोन काढला, ऐकून घेतलं, आणि मान हलवून पुन्हा घातला. मालाड यायचं होतं अजून. मी तिच्या शेजारी कांदिवलीपर्यंत बसून राहिले.