सुराचा शोध : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

भोसरीत शांतता असते ती गुरुवारी. एरवी आमच्या खोलीला लागूनच असलेल्या शेडमधले प्रेस सकाळी सातला सुरू होतात आणि आम्हां एम.आय.डी.सी.च्या कडेला वाढलेल्या मुलांना त्या दणदणाटात पाठांतर करण्याची सवय होऊन गेलेली आहे. पण तंबोरा ऐकायचा असेल तर गुरुवार गाठावा लागतो. त्या दिवशी कारखान्यांना सुटी असते. ज्या थोर गवयाविषयी मी येथे लिहिणार आहे, त्यांची आणि माझी खरी ओळख अशाच एका गुरुवारी झाली. ती झाली एका चुकीमुळे. म्हणून आधी त्या चुकीविषयी.

गेले वर्षभर मी संगणकावर आवाज घडवण्याची विद्या शिकतो आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा उद्योग कुणी सांगितला, असे आमच्या सरांनीही विचारून झाले आहे. यात कुठल्याही वाद्याचा आवाज टेप करून घ्यायचा नसतो. आवाज म्हणजे हवेचे कंपन; ते कंपन सेकंदाला ४४,१०० आकड्यांच्या रांगेने मांडायचे आणि ती रांग संगणकाला रचायला सांगायची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली पहिल्यांदा अशा रीतीने संगणकाकडून १७ सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. त्या वेळच्या यंत्राला खोलीभर जागा लागे. आज जुन्या बाजारातला लॅपटॉपही ते काम करतो.

मला तंबोरा घडवायचा होता. तार छेडल्याचा आवाज काढण्याची एक फार सोपी युक्ती केविन कार्पलस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केली. काहीशे आकडे वाटेल तसे घ्यावेत, म्हणजे निव्वळ गोंगाट. मग पहिला आकडा वाजवावा, त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची सरासरी काढून ती रांगेच्या शेवटी लावावी, आणि हेच करीत राहावे. गोंगाट हळूहळू मऊ पडतो आणि त्यातून तारेचा स्वर उमटतो. प्रथम ऐकले तेव्हा मी थक्क झालो. रांगेत ३६७ आकडे ठेवले की १२० कंपनांचा खर्ज बरोब्बर लागतो, कारण सरासरी काढण्यात आणखी अर्ध्या आकड्याचा वेळ जातो आणि ४४,१०० ला ३६७.५ ने भागले की नेमके १२० येतात. जोडाच्या दोन तारांना मी १८३ आकडे दिले आणि झाले म्हणून समाधान मानले.

तो तंबोरा मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, ऐकवला. अण्णांनी चोवीस वर्षे पॉवर प्रेसवर काढली. कान तपासले तेव्हा वरच्या टिपेचे आवाज जवळजवळ गेलेले निघाले. अशा कामात ४००० कंपनांच्या आसपासची श्रवणशक्ती आधी जाते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. ज्या कारखान्यात ती गेली तिथे कानांत घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नव्हता. पण हा माणूस दिंडीत गाणारा, देवळातल्या भजनात तंबोरा लावून देणारा. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि जोड खर्जाशी मिळालेला नाही, आवाज डोलतो आहे, असे सांगितले. मी हिशेब तपासला. १८३ आकड्यांनी २४० ऐवजी २४०.३३ कंपने येत होती. खर्जाच्या दुसऱ्या स्वरांशाशी त्याचा मेळ न बसता दर तीन सेकंदांना एक हेलकावा पडत होता. संगणकाने मला काही सांगितले नव्हते. निम्म्या कानाच्या माणसाने सांगितले.

मग अण्णांनी खाँसाहेबांचे नाव काढले. तंबोरा जुळवावा तर अब्दुल करीम खाँनी, ही आमच्या देवळातली जुनी बोलवा. मी वाचू लागलो आणि वाचता वाचता कळले की मी आकड्यांत जे शोधत होतो, त्याचा शोध या गवयाने शंभरावर वर्षांपूर्वी सांगली-मिरजेत बसून घेतला होता.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी गवयांच्या कुळात झाला. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून तालीम मिळाली. गाण्याबरोबर बीन आणि सारंगीवरही हात बसला. वाद्ये उघडून दुरुस्त करण्याची त्यांना हौस होती, आणि मला वाटते की त्यांचा स्वर समजायचा तर ही हौस ध्यानात ठेवली पाहिजे. घोडीवर तार किती टेकते आणि किती सुटते, हे ज्याने बोटांनी अजमावले आहे, तो स्वराकडे वेगळ्याच कानाने पाहतो.

तरुणपणी ते बडोदे दरबारात गाऊ लागले. तेथे राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचे मन जुळले. धर्म वेगळा, प्रतिष्ठा वेगळी. एकोणिसावे शतक संपता संपता दोघांनी बडोदे सोडले आणि मुंबईमार्गे ते मिरजेकडे आले. मिरजेत प्लेगच्या आजारात ख्वाजा शमसुद्दीन मिरासाहेबांच्या दर्ग्याला त्यांनी साकडे घातले व ते बरे झाले, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून दर्ग्याच्या उरुसात गाऊन हजेरी लावणे त्यांनी मोडले नाही. उत्तरेत जन्मलेला हा माणूस असा मिरजकर झाला. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचा धंदा आधीपासून होता. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तो उभा केला, भोपळे पंढरपूरकडून यायचे. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.) खाँसाहेबांना याहून सोयीचे गाव सापडले नसते.

शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत. ग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती खरोखर कुठे असतात, हे मोजून काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला होता. तारेची लांबी मोजून स्वर ठरवणारे उपकरण त्यांच्याकडे होते. हवा होता तो असा गवई, जो कितीही वेळा मागितला तरी तोच स्वर तसाच लावील आणि मोजमापाचा अपमान वाटून उठून जाणार नाही. खाँसाहेबांनी हे काम पत्करले. त्या काळी उस्ताद आपली चीज पूर्ण ऐकवायलाही कां कूं करीत. हे मात्र एका कारकुनी शिस्तीच्या गृहस्थासमोर एक एक स्वर धरून बसले. देवलांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. मुलकी सेवेतले इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी हे काम पुढे नेले, त्यांचा ग्रंथ १९१३ चा. त्या मोजमापावरून बावीस श्रुतींची पेटीही बनवून घेण्यात आली.

यातले मर्म शुद्ध गंधाराच्या उदाहरणाने सांगतो. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांप्रमाणे षड्ज २४० धरला, तर शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. साध्या पेटीवर बारा स्वर सारख्या अंतराने कापलेले असतात, तिचा गंधार ३०२.४ वर बोलतो. फरक नगण्य वाटतो. पण खर्जाच्या १२० च्या तारेत पाचवा स्वरांश ६०० चा असतो. तंबोरा चांगला लागला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो हाच. गायकाने ३०० चा गंधार लावला की त्याचा दुसरा स्वरांश ६०० वर येऊन त्यात विरघळतो. पेटीचा येतो ६०४.८ वर, आणि सेकंदाला जवळजवळ पाच ठोके पडतात. कान बिघडलेला नसेल तर ते खुपतात.

माझ्या रांगेत १४६ आकडे घेतले तर गंधार ३०१.०२ येतो, १४७ घेतले तर २९८.९८. पूर्ण आकड्यांनी ३०० येतच नाही. पंचमाची तीच गत. त्यावर डेव्हिड जॅफी आणि ज्यूलियस स्मिथ यांनी त्याच १९८३ साली उपाय दिला आहे. आकड्याचा अपूर्णांक उशीर करणारी एक चाळणी रांगेत बसवावी लागते. ती बसवायला मला दीड महिना लागला. तेवढ्या काळात देवलांच्या खोलीतल्या त्या बैठका माझ्या डोळ्यांसमोर वारंवार येत.

श्रुतींच्या पेटीचे पुढे काय झाले ते सुखाचे नाही. १९१६ साली पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे ती मांडली गेली, पण मान्यता पावली नाही. मोजलेले अंक हे सर्व रागांना आणि सर्व गायकांना लागू नाहीत, हा आक्षेप होता. खरे सांगायचे तर मला दोन्ही बाजू पटतात. आज संगणकावर खाँसाहेबांच्या गायनाचा आलेख काढला की स्वर सरळ रेघ म्हणून येतच नाही. तो खालून येतो, टेकतो, डोलतो. देवलांनी ज्या क्षणी मोजले, तो टेकण्याचा क्षण असला पाहिजे. उरलेले सगळे त्यांच्या तारेबाहेर राहिले.

१९१३ साली पुण्यात खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय काढले. मुसलमान उस्तादाच्या शाळेचे हे नाव आज पुन्हा वाचून पाहावे. विद्यार्थी तिथेच राहत, जेवत, शिकत. खर्च खाँसाहेब गावोगाव जलसे करून भागवीत. म्हैसूर दरबारच्या वाऱ्यांत त्यांनी कर्नाटक संगीत मनापासून ऐकले, त्यातल्या कृती शिकले, सरगमचा ढंग तिकडूनच त्यांच्या गाण्यात आला असे जाणकार मानतात. टिपू मियाँ नावाच्या कुत्र्याला त्यांनी सुरात ओरडायला शिकवले होते, हेही प्रसिद्धच आहे. लोक हसतात. मला वाटते ते सुराचा प्रयोग आणखी एका कानावर करून पाहत होते.

१९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे, ती मी करीत नाही. मुलांनी वडिलांचे नाव टाकले. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, धाकट्या सरस्वतीबाई राणे म्हणून गाजल्या. घर मोडले, शाळाही टिकली नाही. पण महाराष्ट्राने पुढची पन्नास वर्षे ज्यांचे गाणे डोक्यावर घेतले, त्यांच्यात या तिघांचा सूर त्याच घरातला. शिष्यांत कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, रोशनआरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, ज्यांनी पुढे गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. मुलगेपणी खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन घर सोडून निघाले, ही कथा कुणाला सांगायला नको.

ती तबकडी खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. आवाज बारीक, काहीसा नाकातला. मला पहिल्यांदा तो आवडलाच नव्हता, हे कबूल करतो. तबकडी किती वेगाने फिरवली यावर पट्टी बदलते, म्हणून त्यावरून षड्जाची खरी कंपने काढण्यात अर्थ नाही. पण वेग बदलला तरी स्वरांचे एकमेकांशी असलेले प्रमाण बदलत नाही. षड्जाच्या मानाने गंधार पाहायचा, एवढेच आपल्या हाती राहते. ते पुरे आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले होते. वाटेत आगगाडीत छातीत दुखू लागले, म्हणून सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा मागवला, जुळवला, प्रार्थनेचे सूर लावले आणि आडवे झाले. तारीख २७ ऑक्टोबर. देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला.

माझ्या तंबोऱ्यात अजून जवारी नाही. तार घोडीच्या उतारावर घासून सुटते आणि जे स्वरांश तिच्यात असू नयेत तेही बोलू लागतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली हे दाखवून दिले. तो उतार आकड्यांत कसा मांडायचा, यावर सध्या झटापट चालू आहे. जवारीची चमक ज्या टिपेत असते, ती अण्णांना ऐकू येणार नाही, हे मला ठाऊक आहे. खर्ज, जोड आणि सहाशेचा गंधार मात्र त्यांना ऐकू येतात. गेल्या गुरुवारी चाळणी बसवलेला तंबोरा लावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी पंचम थोडा उतरवायला सांगितला.