सोइचिरो होंडा: एका बाईकला चार कार्ब्युरेटर देणारा लोहाराचा पोरगा

आपल्याकडे होंडा म्हटलं की आठवते हिरो होंडाची सीडी १००. एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर. स्क्रू ड्रायव्हर फिरवला की काम झालं. पण १९६९ मध्ये बाजारात आलेल्या होंडा सीबी ७५० ला चार सिलिंडर होते आणि प्रत्येकाला वेगळा कार्ब्युरेटर. हे चौघं सारखे उघडले नाहीत तर गाडी थरथरते, आयडलला अडखळते. म्हणून जुन्या सीबीचे मालक आजही घरच्या गॅरेजमध्ये त्यांचा मेळ बसवताना दिसतात.

ही कटकट मागे लावणारा माणूस स्वतः गॅरेजमध्येच मोठा झाला होता.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हमामात्सु भागातल्या एका खेड्यातला. वडील लोहारकाम आणि सायकल दुरुस्ती करायचे. १९२२ मध्ये पोरगं टोकियोतल्या आर्ट शोकाई या गॅरेजात शिकाऊ म्हणून लागलं. पुढे त्यांनी पिस्टन रिंगचा कारखाना काढला, पण युद्धातल्या बॉम्बफेकीने आणि १९४५ च्या भूकंपाने त्याची वाट लागली. उरलेलं टोयोटाला विकून त्यांनी १९४६ मध्ये नवा उद्योग सुरू केला: लष्कराच्या वायरलेस सेटची छोटी जनरेटर इंजिनं सायकलला बसवायची. १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पैसा आणि विक्री ताकेओ फुजिसावांनी सांभाळली, होंडा इंजिनात रमले.

आता चार कार्ब्युरेटर कशाला? तर मोठा जड पिस्टन फार वेगाने खालीवर पळवता येत नाही. तेच काम लहान पिस्टनांत वाटलं की इंजिन जास्त आरपीएमला फिरतं आणि ताकद वाढते. प्रत्येकाला स्वतःचा कार्ब्युरेटर दिला की पेट्रोल-हवेचं मिश्रण जवळून मिळतं. रेसिंगमध्ये होंडांनी हे टोकाला नेलं. १९६६ आणि १९६७ मध्ये माइक हेलवूड २५० सीसीचा विश्वविजेता झाला, तो सहा सिलिंडरच्या होंडावर.

पण हाच हट्ट एकदा जिवावर बेतला. इंजिन पाण्याने नाही, हवेनेच थंड व्हायला हवं यावर होंडा अडून बसले होते. १९६८ साठी तशी फॉर्म्युला वन कार बनली. जॉन सर्टीसने ती चालवायला नकार दिला. ७ जुलैला फ्रान्समधल्या रुआं इथे जो श्लेसर ती घेऊन उतरला आणि अपघातात जळून गेला. तरी होंडा लगेच बदलले नाहीत. तरुण इंजिनियरांचं म्हणणं फुजिसावांनी त्यांच्या गळी उतरवलं, तेव्हा कुठे कंपनीच्या कार पाण्याकडे वळल्या. माझ्या मते त्यांच्या कौतुकाच्या गोष्टींत हा भाग फार घाईत उरकला जातो.

सीबी ७५० मात्र हवेवरचीच. म्हणून घरी कार्ब्युरेटर जुळवताना इंजिनासमोर टेबल फॅन लागतो, कारण उभ्या गाडीला वारा कुठला? आणि धुरामुळे हे काम मोकळ्या हवेतच करायचं.

आधी थंड इंजिनावर टॅपेट बघायचे: इनटेक ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.०८. ते चुकले तर पुढची मेहनत वाया. मग इंजिन गरम करून चारही इनटेकच्या बाजूचे छोटे स्क्रू काढायचे आणि तिथे व्हॅक्यूम गेजच्या नळ्या लावायच्या. ज्या गेजचा काटा वेगळा, त्या कार्ब्युरेटरचा ॲडजस्टर थोडा फिरवायचा, ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, पुन्हा बघायचं. पहिल्या सीबींमध्ये एका केबलच्या चार केबल व्हायच्या, त्यामुळे हे गणित सारखं बिघडायचं. नंतर कंपनीने चौघांना एका दांड्याने जोडलं.

१९७३ मध्ये होंडा आणि फुजिसावा एकत्रच निवृत्त झाले. ५ ऑगस्ट १९९१ ला होंडा गेले. आता कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतलीय, पण चार सिलिंडरच्या बऱ्याच बाईक्सच्या थ्रॉटल बॉडी अजूनही तसेच गेज लावून जुळवाव्या लागतात.