चमत्कारांचा कारागीर

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटात लोहखनिज आहे आणि भोवती दाट अरण्य. समजा, कोणी असे ठरविले की, हा डोंगर शाळेच्या अंगणात मावेल एवढा करावयाचा, त्याचा एक कडा ढासळवावयाचा आणि पाहणाऱ्यास मात्र खरा सूरजागडच कोसळत आहे असे वाटावयास लावावयाचे. शाडूच्या मातीचा डोंगर होईल. झाडांच्या जागी शेवाळ लावता येईल. पण तेवढ्याने डोळा फसत नाही. शंभर मीटर उंचीच्या कड्यावरून सुटलेला दगड खाली येण्यास सुमारे साडेचार सेकंद लागतात. एक मीटर उंचीच्या मातीच्या कड्यावरून तोच दगड अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीस टेकतो. दगड पडला रे पडला की डोंगर खेळण्यातला आहे, हे लहान मूलही ओळखते.

त्या अर्ध्या सेकंदाचे साडेचार सेकंद करण्याची कला एका जपानी माणसाने आयुष्यभर घोटली. त्याचे नाव एईजी त्सुबुराया. अशा चित्रणाला जपानी भाषेत तोकुसात्सु, म्हणजे विशेष छायाचित्रण, असे म्हणतात. आपल्याकडे त्याला ट्रिकसीन हा सुटसुटीत शब्द रूढ आहे.

एईजीचा जन्म जुलै १९०१ मध्ये फुकुशिमा प्रांतातील सुकागावा या गावी झाला. घरी तांदळाचे आंबवण तयार करण्याचा पिढीजात धंदा होता. तो अगदी लहान असताना आई वारली आणि आजीने त्यास वाढविले. १९१० च्या डिसेंबरात जपानच्या भूमीवर पहिले विमान उडाले. ती वार्ता सुकागावास पोहोचली आणि नऊ वर्षांच्या एईजीचे मन जमिनीवर राहिले नाही. लाकडाच्या बारीक पट्ट्या तासून तो विमानांचे नमुने करू लागला. ते इतके हुबेहूब असत की गावातील मोठी माणसे ते पाहावयास येत. त्याच सुमारास त्याला एक खेळण्यातले चित्रदर्शक यंत्र मिळाले. कागदाच्या लांब पट्टीवर काड्यांसारखी माणसे काढून ती यंत्रातून फिरविली की माणसे चालू लागत. विमान आणि चालते चित्र या दोन गोष्टींनी त्याला लहानपणीच वेड लावले, आणि ते पुढे कधी उतरले नाही.

शाळा संपताच तो टोकियोजवळील हानेदा येथील उड्डाणशाळेत दाखल झाला. शाळा कसली, विमानही जेमतेम होते! १९१७ साली ते विमान कोसळले, शिकविणारे तरुण गुरुजी सेइतारो तामाई मृत्यू पावले आणि उड्डाणाचे शिक्षण तेथेच थांबले. एईजीच्या डोळ्यांपुढे आता आकाश नव्हते.

योगायोग असा की, त्याच १९१७ साली आपल्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ या मूकपटात हनुमान पडद्यावर आकाशातून उड्डाण करीत होता. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांनी पाच वर्षांपूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या वेलाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखविली होती. काळ ताणावयाचा किंवा आखडावयाचा, एवढीच या कलेची गुरुकिल्ली आहे. फाळक्यांनी ती मुंबईला मिळविली. त्सुबुराया यांना ती गवसावयास अजून काही वर्षे होती.

पोटासाठी एईजी विद्युत्शास्त्र शिकला आणि एका कारखान्यात नवनव्या खेळण्यांच्या कल्पना लढवू लागला. १९१९ च्या वसंतात, चेरीच्या फुलांचा बहर पाहण्यासाठी कारखान्यातील मंडळी जमली असता शेजारच्या बैठकीतील लोकांशी त्यांची बाचाबाची झाली. एईजीने मध्ये पडून भांडण मिटविले. शेजारच्या त्या बैठकीत योशिरो एदामासा नावाचे चित्रपट दिग्दर्शक होते. तरुणाची हुशारी पाहून त्यांनी त्याला आपल्या व्यवसायात बोलाविले. एका भांडणामुळे जपानी चित्रपटसृष्टीला तिचा सर्वांत मोठा ट्रिकसीनकार मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील काही वर्षे छायाचित्रणाच्या उमेदवारीत गेली. मध्ये दोन वर्षे सैन्यात काढावी लागली. परंतु त्सुबुरायांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९३३ साली. त्या वर्षी ‘किंग काँग’ हा अमेरिकन चित्रपट जपानात आला. त्यातील अजस्र वानर म्हणजे वास्तविक एक लहानशी बाहुली होती. तिला केसभर हलवावयाचे आणि एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा हलवावयाचे आणि पुन्हा एक घ्यावयाचे, अशा चिकाटीने तो चित्रपट झाला होता. त्सुबुरायांनी त्याची प्रत मिळविली आणि एकेक चित्र उजेडासमोर धरून तपासले. शिकविणारा कोणी नव्हता. ती फीतच त्यांची गुरू झाली. १९३७ मध्ये तोहो या चित्रपटसंस्थेने विशेष छायाचित्रणाचा विभाग त्यांच्या स्वाधीन केला.

आणि मग युद्ध आले. १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन आरमारी तळावर हल्ला केला. एका वर्षाने, त्या हल्ल्याचा गौरव करणारा चित्रपट काढण्यात आला आणि त्यातील युद्धदृश्यांचे काम त्सुबुरायांकडे आले. वृत्तपत्रांत छापलेल्या छायाचित्रांचा आधार घेऊन त्यांनी मोठ्या तलावात सारे बंदर उभे केले. लहान लहान युद्धनौका, लहान लहान विमाने आणि बेताने उसळणारे पाण्याचे स्तंभ. कारागिरी अप्रतिम होती. पण ती ज्यासाठी वापरली गेली, ते युद्ध लक्षावधी माणसांचे प्राण घेऊन, हिरोशिमा व नागासाकी ही दोन शहरे बेचिराख होऊन, १९४५ साली संपले. देशात आलेल्या अमेरिकन अंमलाने युद्धप्रचारास हातभार लावणाऱ्यांची छाननी केली. १९४८ साली त्सुबुराया यांना तोहोतील जागा सोडावी लागली. घरी पत्नी मासानो आणि तीन मुले होती. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आपल्या घराच्या आवारात लहानशी प्रयोगशाळा थाटली आणि इतरांची किरकोळ कामे करीत दिवस काढले. विमानांवर प्रेम करणाऱ्या मुलाच्या हातून बॉम्बफेकी विमानांची जाहिरात झाली होती. ती गोष्ट पुसून टाकता येण्यासारखी नव्हती.

बंदी उठल्यावर ते तोहोत परतले. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. त्याची विषारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवर तेवीस जण होते. त्यांपैकी एक जण त्याच वर्षी दगावला. साऱ्या जपानात संताप उसळला. त्या वातावरणात ‘गोजिरा’ची कल्पना जन्मास आली. तोच पुढे गॉडझिला या नावाने जगभर प्रसिद्ध झाला. बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला, पन्नास मीटर उंचीचा हा प्राणी टोकियोवर चालून येतो. दिग्दर्शक होते इशिरो होंडा. शहराचा विध्वंस दाखविण्याचे काम त्सुबुरायांचे.

किंग काँगप्रमाणे बाहुली हलवून चित्र घ्यावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु त्या रीतीने काही वर्षे लागली असती आणि हाती काही महिनेच होते. तेव्हा त्यांनी दुसरी युक्ती योजिली. हारुओ नाकाजिमा या नटाच्या अंगावर रबराचा जाड पोशाख चढविला. पोशाखाचे वजन सुमारे शंभर किलो! आत इतके उकडे की नटाला मिनिटा-मिनिटाला बाहेर काढावे लागे. प्राणी पन्नास मीटरचा आणि माणूस पोशाखासह दोन मीटरचा, म्हणजे शहर पंचविसाव्या हिश्श्याने लहान करावयास हवे. सुतारांनी आणि गवंड्यांनी टोकियोचे रस्ते, पूल व इमारती त्याच मापाने बांधल्या. भिंती पातळ गिलाव्याच्या केल्या आणि त्या कोठे फुटाव्यात याची आखणी आधीच करून ठेविली.

आता उरला तो सूरजागडच्या दगडाचा प्रश्न. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चित्रे दाखवितात. घेतानाच जर ती अधिक वेगाने घेतली आणि दाखविताना नेहमीच्या वेगाने दाखविली, तर पडणारी वस्तू संथपणे पडू लागते. उंची पंचवीस पटींनी कमी केली, तर पडण्याचा काळ पाच पटींनी कमी होतो, असा निसर्गाचा नियम आहे. तेवढाच काळ ताणला की गिलाव्याचा तुकडा खऱ्या इमारतीसारखा जडपणे कोसळतो. रबराच्या पोशाखातील माणसाच्या पावलांनाही त्यामुळे डोंगराचे वजन येते.

त्यांच्या इतर युक्त्या तर स्वयंपाकघरातही सुचाव्यात अशा होत्या. आकाशातून दिसणारा समुद्र हवा असेल तर चायनाग्रास शिजवून थिजवावयाचे; त्याचा पृष्ठभाग लाटांसारखा दिसे. अणुस्फोटाचा ढग हवा असेल तर काचेच्या टाकीतील पाण्यात रंग सोडावयाचा आणि कॅमेरा उलटा धरावयाचा. खाली उतरणारा रंग पडद्यावर वर चढणारा ढग होई. विमान तारेने टांगले की तार दिसते आणि प्रेक्षक तिला विमानाच्या वरच्या बाजूस शोधतो. त्सुबुराया विमान उलटे टांगीत व कॅमेराही उलटा लावीत. मग तार विमानाच्या खालच्या बाजूस जाई आणि तेथे पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

‘गोजिरा’ नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रदर्शित झाला आणि सुमारे शहाण्णव लाख जपानी लोकांनी तो पाहिला. ज्या हातांनी बारा वर्षांपूर्वी बॉम्बहल्ल्याची शोभा दाखविली होती, त्याच हातांनी आता जळणारे शहर, रुग्णालयात तळमळणारी माणसे आणि अनाथ मुले यांच्याभोवतीचे दृश्य उभे केले होते.

१९६३ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. दोन चित्रफिती एकावर एक जुळवून नवे चित्र करणारे एक अमेरिकन यंत्र त्यांनी मागविले. किंमत एवढी की संस्थेस ती पेलेना. शेवटी एका दूरचित्रवाणी कंपनीने यंत्र विकत घेतले आणि त्याच्या बळावर मुलांसाठी मालिका करण्याचे ठरले. प्रथम जानेवारी १९६६ मध्ये ‘अल्ट्रा क्यू’ आली आणि त्याच वर्षी जुलैत ‘अल्ट्रामॅन’.

अल्ट्रामॅन हा दूरच्या तेजोमेघातून आलेला चाळीस मीटर उंचीचा वीर. तोरू नारिता या शिल्पकाराने त्यास चंदेरी व तांबडे रूप दिले. शांत चेहरा, गोल पिवळे डोळे. ओठ हलत नाहीत, तरी तो रागावला आहे की दुःखी आहे हे मुलांना कळे. पृथ्वीवर त्याला सुमारे तीनच मिनिटे लढता येई. वेळ संपत आली की छातीवरील निळा दिवा तांबडा होऊन लुकलुकू लागे आणि घराघरांतील मुले श्वास रोखून बसत. ट्रिकसीनचा खर्च फार असल्याने लढाई आखूड ठेवणे संस्थेस सोयीचे होते, हे त्या मुलांना कोण सांगणार!

आपले प्रेक्षक बालके आहेत, हे त्सुबुराया क्षणभरही विसरत नसत. राक्षस मेला तरी रक्ताचे पाट वाहू नयेत, अंगाच्या चिंधड्या दिसू नयेत, याविषयी त्यांचा कटाक्ष असे. मनासारखे न झालेले दृश्य ते पुन्हा करावयास लावीत, मग पैसे जावोत की वेळ. शेवटी दर आठवड्यास नवा भाग देणे अशक्य झाले आणि लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच एकोणचाळीस भागांनंतर मालिका थांबली. काही महिन्यांतच ‘अल्ट्रासेव्हन’ सुरू झाली.

२५ जानेवारी १९७० रोजी इझू द्वीपकल्पावरील इतो गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते अडुसष्ट वर्षांचे होते. त्या दिवसांत ते एका नव्या चित्रपटाची जुळवाजुळव करीत होते. त्याचा विषय होता जपानच्या आरंभीच्या विमानवीरांचा. तो चित्रपट झाला नाही.

पण त्यांनी रुजविलेली रीत मात्र फोफावली. १९७१ मध्ये दुसऱ्या जपानी संस्थेची ‘कामेन रायडर’ आली. १९७५ पासून पाच रंगांच्या पोशाखातील पाच वीरांच्या मालिका सुरू झाल्या. त्यांतील लढायांची दृश्ये तशीच घेऊन, अमेरिकन नटांची दृश्ये जोडून, १९९३ मध्ये अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ तयार झाली आणि ती अनेक देशांत पोहोचली. १९८० च्या दशकात भारतीय दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिका दाखविली गेली. ती त्सुबुरायांच्या संस्थेची नव्हे. परंतु मनगटी घड्याळातून प्रचंड यंत्रमानवाला आज्ञा देणारा तिच्यातील मुलगा त्याच परंपरेतला होता. थायलंडमध्ये तर १९७४ साली एक आगळाच चित्रपट निघाला. त्यात अल्ट्रामॅन बंधूंच्या खांद्याला खांदा लावून राक्षसांशी लढणारा वीर होता साक्षात हनुमान! फाळक्यांच्या पडद्यावर उडालेल्या हनुमानाला सत्तावन्न वर्षांनी असे सोबती मिळाले. आणि २०२४ साली दृश्यचमत्कृतींसाठीचे ऑस्कर पारितोषिक प्रथमच एका जपानी चित्रपटास मिळाले, तो चित्रपटही गोजिराचाच होता.

सुकागावा येथे आता त्सुबुराया यांच्या नावाचे संग्रहालय आहे. गावातील रस्त्यावर अल्ट्रामॅन व त्याच्याशी लढलेले राक्षस शेजारी शेजारी उभे आहेत, आणि शाळकरी मुले त्यांच्या पायांशी दप्तरे ठेवून खेळतात. गावालगतच १९९३ मध्ये फुकुशिमाचा विमानतळ झाला. विमानातून उतरून प्रवासी आत येतात, तेव्हा तेथेही अल्ट्रामॅन उभा असतो.