फ्रेड हार्वे : वाटसरूंचा यजमान

प्रवासांत भूक लागणें कोणासही चुकलेलें नाहीं. परंतु वाटसरूची भूक आणि त्याची घाई या दोन्ही गोष्टी लोभी दुकानदाराच्या पथ्यावर पडतात. जें गिऱ्हाईक पुन्हां कधीं दृष्टीस पडणार नाहीं, त्यास शिळें अन्न देऊन पूर्ण दाम घेतले तर जाब विचारणार कोण? हा मोह टाळून ज्यानें हजारों उतारूंस घाईच्या वेळींही सन्मानानें जेवूं घातलें, त्या फ्रेड हार्वे याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य वाचावें असें आहे.

फ्रेडरिक हेन्री हार्वे याचा जन्म ता. २७ जून १८३५ रोजीं लंडन शहरीं झाला. वयाच्या सतराव्या वर्षीं, म्हणजे १८५३ मध्यें, तो अमेरिकेस गेला. न्यूयॉर्क येथील एका खानावळींत भांडीं घासण्याचें काम त्यानें पत्करलें व तेथेंच हळूहळू त्या धंद्याची सर्व माहिती करून घेतली. पुढें सेंट लुईस येथें त्यानें भागीदारींत उपाहारगृह काढलें. परंतु यादवी युद्धाच्या आरंभीं भागीदार पैसा घेऊन निघून गेला. त्याच सुमारास हार्वेस विषमज्वरानेंही गांठलें. दुसरा एखादा खचून गेला असता. हार्वेनें मात्र रेल्वेच्या टपालाची व पुढें मालवाहतुकीची नोकरी धरिली आणि पुन्हां आरंभ केला.

या नोकरीमुळें त्यास वारंवार आगगाडीनें हिंडावें लागे, आणि उतारूंचे हाल तो प्रत्यक्ष पाही. जेवणासाठीं गाडी एखाद्या स्टेशनावर जेमतेम अर्धा तास थांबे. कित्येक ठिकाणीं पैसे आधीं घेत, ताट मुद्दाम उशिरां आणीत आणि दोन घास पोटांत जातात न जातात तोंच गाडीची घंटा वाजे. उरलेलें अन्न पुढच्या गाडीच्या लोकांस वाढण्यासहि कांहीं जण कचरत नसत.

१८७६ सालीं हार्वेनें सँटा फे रेल्वेशीं करार करून टोपेका स्टेशनावर आपलें पहिलें भोजनगृह उघडलें. आपल्या नगरावरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होण्यास तेव्हां दोन वर्षें अवकाश होता. अर्ध्या तासांत गाडीभर माणसांस जेवूं घालावयाचें, तेंही ताजें व स्वच्छ, हें कसें साधलें? गाडींतच किती उतारू जेवणार हें विचारून घेऊन तारेनें पुढील स्टेशनास कळवीत. त्यामुळें गाडी येतांच ताटें तयार असत. एक मुलगी कोणास चहा व कोणास कॉफी हवी हें विचारून पेला ठराविक रीतीनें ठेवी. मागून येणारी दुसरी ती खूण पाहून, पुन्हां न विचारतां, बिनचूक पेय ओती. वेळ वांचवावयाचा तो गिऱ्हाइकाच्या ताटांतून नव्हे, आपल्या कामांतील गोंधळांतून, हें हार्वेचें मर्म होतें.

१८८३ पासून त्यानें वाढण्याच्या कामीं सुशील तरुण मुली नेमिल्या. त्यांस पगार, जेवण व राहण्याची जागा मिळे. घराबाहेर पडून मानानें मिळवण्याची वाट अनेक मुलींस यामुळें मोकळी झाली. मात्र आरंभीं ही वाट केवळ गोऱ्या मुलींसच खुली होती, हा दोष लपवितां येत नाहीं.

त्याच्याविषयीं एक गोष्ट सांगतात. एका भोजनगृहास दरमहा तोटा येत असे. तेथील व्यवस्थापकानें वाढण्याचें प्रमाण कमी करून तोटा निम्म्यावर आणला व शाबासकीची वाट पाहिली. हार्वेनें त्यास कामावरून दूर केलें! कारण भुकेल्याच्या पानांतून काढलेली बचत म्हणजे चोरीच, असें तो मानी.

ता. ९ फेब्रुवारी १९०१ रोजीं हार्वे निवर्तला. त्या वेळीं त्याचीं ४७ भोजनगृहें, १५ हॉटेलें व आगगाडींतील ३० भोजनाचे डबे चालू होते. पुढें त्याचा मुलगा फोर्ड यानें हा व्याप सांभाळिला.

आगगाडीची जागा मोटारीनें घेतली. १९७५ मध्यें मॅकडोनल्ड्स या कंपनीनें मोटारींतून न उतरतां खाद्य घेण्याची आपली पहिली खिडकी उघडली. आतां अशा खिडक्यांवर तासास किती गाड्या गेल्या व एकेका गाडीस किती सेकंद लागले, याचा हिशेब ठेवितात. हिशेब अवश्य ठेवावा. परंतु घड्याळ जिंकलें आणि पिशवींत मागितलेली वस्तूच नसली, तर ती चपळाई काय कामाची?

आपल्या जिल्ह्यांतून शिर्डीस व शनिशिंगणापुरास नित्य असंख्य यात्रेकरू जातात. वाटेवर कोणी चहा विकतो, कोणी भाकरी, कोणी ऊंसाचा रस. यांतील बहुतेक गिऱ्हाइकें पुन्हां येणारीं नसतात. जें पुन्हां येणार नाहीं त्यालाही पूर्ण माप घालणें, हीच प्रामाणिकपणाची खरी परीक्षा होय. भांडीं घासणारा एक परका मुलूख गांठलेला मुलगा या परीक्षेंत उतरला, म्हणूनच त्याचें नांव टिकून राहिलें.