न्यायमूर्ती तेलंग : न्यायासनावर निर्भय, घरात हतबल

मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासात काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव आदराने घेतले जाते. वकिली, विधिमंडळ आणि न्यायदान या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी अवघ्या ४३ वर्षांच्या आयुष्यात आपला ठसा उमटविला. मात्र, अखेरच्या वर्षातील एका कौटुंबिक निर्णयाने या कीर्तीला गालबोट लागले.

३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत तेलंग यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १८७२ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. धर्मशास्त्राचे मूळ संस्कृत ग्रंथ अभ्यासून युक्तिवाद करणारा हा तरुण वकील लवकरच नावारूपास आला. त्यांनी केलेला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद १८८२ मध्ये मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. १८८४ मध्ये सरकारने त्यांची मुंबई विधिमंडळावर नियुक्ती केली. पुढच्याच वर्षी फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनातही भाग घेतला.

१८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वडील आपल्या भावांसह एकत्र कुटुंबात असताना मुलाला वाटणी मागता येते काय, हा प्रश्न पूर्णपीठापुढे आला. बहुमत मुलाच्या विरोधात गेले. तेलंग यांनी मात्र मूळ ग्रंथांच्या आधारे मुलाचा हक्क मान्य करणारे भिन्न मत नोंदविले. १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू होण्याचा मानही त्यांना मिळाला.

समाजसुधारणेबाबत मात्र कमीत कमी विरोधाच्या वाटेने जावे, असे त्यांचे मत होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे त्यांनी समर्थन केले. पण १८९३ मध्ये स्वतःच्या मुलीचा विवाह बालवयातच करून दिला. सुधारकांना हा मोठा धक्का होता व त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या रिक्त जागी महादेव गोविंद रानडे यांची नियुक्ती झाली. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनीही १८७३ मध्ये वडिलांच्या इच्छेखातर ११ वर्षांच्या मुलीशी विवाह केला होता. कायदा बदलण्यापेक्षा घर बदलणे किती कठीण होते, हे या दोन न्यायमूर्तींच्या चरित्रांतून दिसते.