डॅन लेनो : लोकांस हंसविणारा एक नट

शाळेच्या स्नेहसंमेलनांत नकला करणाऱ्या मुलास सर्वांत अधिक टाळ्या मिळतात, हें आम्ही दरवर्षीं पाहतों. परंतु लोकांस हंसविण्याच्या कलेसहि कष्ट व शील लागतें, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. म्हणून इंग्लंडांतील विख्यात विनोदी नट डॅन लेनो याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्याचें मूळ नांव जॉर्ज गॅल्व्हिन. जन्म १८६० सालच्या डिसेंबरांत लंडन शहरीं झाला. आईबाप गांवोगांव फिरून खेळ करणारे, घरीं दारिद्र्य. तो अगदीं लहान असतांच बाप वारला. आईनें दुसरा विवाह केला, आणि सावत्र बापाचें रंगभूमीवरील नांवच पुढें मुलास मिळालें. शाळा त्याच्या नशिबीं फारशी आली नाहीं. लांकडी तळव्यांचे जोडे घालून नाचण्यांत मात्र तो इतका तरबेज झाला कीं, १८८० सालीं लीड्स येथील स्पर्धेंत त्यानें अजिंक्यपद मिळविलें.

१८८५ सालीं तो लंडनच्या म्यूझिक हॉलांत आला. त्या नाट्यगृहांत गाणीं व विनोद ऐकावयास सामान्य लोकांची गर्दी लोटे. त्यांना त्याच्या नाचापेक्षां विनोदी गाणींच अधिक रुचलीं, हें ओळखून त्यानें आपली वाट बदलली. गाण्याच्या दोन कडव्यांमध्यें तो एकटाच श्रोत्यांशीं बोलत राही. आज स्टँडअप कॉमेडी म्हणून जी कला प्रसिद्ध आहे, तिचें हें एक पूर्वरूप होय.

तो बोले तें कोणाविषयीं? दुकानांतील नोकर, रेल्वेचा गार्ड, शेजारणीच्या गोष्टी सांगणारी गरीब बाई यांविषयीं. पण तो त्यांची कुचेष्टा करीत नसे. तो स्वतःच ती गांजलेली बाई होई. त्यामुळें श्रोत्यांस तिचें हंसूं येई आणि तिजविषयीं मायाहि वाटे. १८८८ पासून नाताळच्या सुमारास होणाऱ्या ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या खेळांत तो वर्षानुवर्षें चमकला. १९०१ सालीं राजे सातवे एडवर्ड यांच्यापुढेंहि त्याचा प्रयोग झाला. पैसा हातीं आल्यावर विपन्न कलावंतांस तो विसरला नाहीं.

परंतु अतिश्रमानें व मद्यपानानें त्याची प्रकृति ढांसळली. १९०३ सालीं त्याचें चित्त भ्रमलें आणि त्यास मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. बरा होऊन तो रंगभूमीवर परतला खरा. पण जुलै १९०४ मध्यें त्याचा जिवलग सहकारी हर्बर्ट कॅम्बेल वारला, आणि ३१ ऑक्टोबर १९०४ रोजीं, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षीं, लेनोनेंहि देह ठेवला. त्याच्या अंत्ययात्रेस रस्त्यांत दुतर्फा लोक उभे होते.

ज्यानें सर्वांस हंसविलें त्याचें दुःख वेळींच ओळखणारे थोडेच निघाले, ही गोष्ट आम्हांस चटका लावते. विद्यार्थ्यांनो, वर्गांत सदा हंसविणारा तुमचा मित्र एखादे दिवशीं गप्प दिसला, तर त्याची विचारपूस करा. आणि संमेलनांत नकला जरूर करा. मात्र ज्याची नक्कल कराल, तोहि तुमच्याबरोबर हंसेल अशी करा.